नानांचं बोट, अक्काचे कान

जळगाव, ८ जुलै २०२४

ती. अक्कास,
भाविकाचा शि. सा. न. वि. वि.

रतिलालभाऊंचा टेम्पो माल उतरवून दुपारी धुळ्याला परत निघेल, म्हणून घाईत लिहिते. नानांना शनिवारी, मी काम करते त्याच दवाखान्यात दाखल केलं आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम होती, ती चिघळली. थंडी वाजून ताप आला आणि रक्तदाब इतका उतरला की ते आईलाही ओळखेनात. आता ओळखतात. हे शेवटचं वाक्य खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं.

ललितदादाला फोन केला असता तर त्याने तुला अर्धंच सांगितलं असतं. तुला ऐकू येत नाही म्हणून घरातले तुला बातमीचा सारांश देतात आणि तू त्या सारांशावर दिवसभर चिडतेस, हे मला माहीत आहे. मोबाइलवर लिहिलेलं तुला चालत नाही. त्यात नीट भांडता येत नाही, असं तूच म्हणतेस. म्हणून कागदावर, पूर्ण.

आमच्या सर्जन मेघा मॅडम यांनी त्याच रात्री जबर अँटिबायोटिक सुरू केलं. जबर म्हणजे एकाच वेळी अनेक जातींच्या जंतूंवर चालणारं. पहिल्या दिवशी जंतू कोणता ते कळत नाही आणि असा रोगी थांबू शकत नाही, तेव्हा हेच करावं लागतं. त्यानेच रक्तदाब वर आला. मग दोनतीन दिवसांत लॅब जंतूचं नाव सांगते आणि त्याच्यापुरतं औषध ठेवून बाकीचं काढतात. ते नाव सांगणं हे माझं काम.

जखमेचा नमुना मी बशीत लावला. त्या काचेच्या बशीत जंतूंचं खाद्य असतं. जखमेत जे असेल ते एका रात्रीत डागाडागांनी उगवतं. नानांच्या बशीत काही उगवलं नाही. खोलीभर वास येणारी जखम आणि कोरी बशी, हे जुळत नाही. नाव नाही म्हणून जबर औषध तसंच चालू आहे. मी ठीक आहे. जेवताना मधेच हात थांबतो, एवढंच.

आईचा नमस्कार. तुझ्या उत्तराची वाट रतिलालभाऊंच्या टेम्पोइतकीच नेमाने पाहीन.

तुझी,
भाविका

*

धुळे, १० जुलै

चि. भाविका हिस,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. ललितने खुर्ची सरकवली, ती तशीच राहिली. तू लिहितेस की दवाखान्याचा रिपोर्ट काढतेस गं? माझा भाऊ जिवंत शे की नाही, हे शोधायला मला पाच ओळी उतराव्या लागल्या. लिल्याला, तुझ्या बापाला सांग, तापात का होईना, बायकोला ओळखलं नाहीस, आता हे जन्मभर ऐकावं लागेल.

जबर औषध दिलं ते चांगलं केलं. ते अजिबात सोडू नका. एकोणीस वर्षांची असताना छातीच्या आजाराने माझी काडी झाली होती. इथल्या दवाखान्यात इंजेक्शनं दिली, जीव राहिला, कान गेले. पण राहिले ना. लग्न झालं, दोन लेकरं वाढवली, गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले आणि त्यांची तोंडं वाचून त्यांच्या चुगल्याही समजून घेतल्या. तेव्हा औषधाला कचरायचं नाही.

आता तुझ्या कोऱ्या बशीचं. मला त्यातलं कळत नाही, पण एक गोष्ट सांगते. माझ्या पुनमच्या बाळाच्या जावळाला लिल्या इथे आला होता. मोजा काढला तर बोटावर पांढरा जाड लेप. हे काय म्हटलं तर खिशातून पुडी काढली. केळीचे कंद लावायच्या आधी ज्या पावडरीच्या पाण्यात बुडवतात ना, ती. म्हणे कंद सडत नाही, मग बोट कसं सडेल. पुडीवरचं बारीक नाव मी चष्मा लावून वाचलं. त्यात माझ्या त्या वेळच्या इंजेक्शनाचं नाव होतं, स्ट्रेप्टोमायसिन. एवढ्या वर्षांनी ते असं केळीच्या पुडीवर भेटावं! पाठीत धपाटा घातला तर हसतो. म्हणे, अक्का, तुला सुईने दिलं, मी वरून लावतो.

रत्नाला सांगू नको म्हणाला म्हणून तुझ्या आईला बोलले नाही. तुला सांगू नको असं काही म्हणाला नव्हता.

पोटभर जेव. पत्र लांब लिही, माया त्यातच मोजते मी.

अक्का

*

जळगाव, १२ जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पुडीचा परिच्छेद मी तीनदा वाचला आणि पत्र तसंच मेघा मॅडमकडे घेऊन गेले. त्यांनी वाचलं. हसल्या नाहीत. नानांना विचारलं तर म्हणाले की अक्काच्या पोटात काही राहत नाही. दाखल केलं त्या दिवशी सकाळपर्यंत लेप लावत होते म्हणे.

ती पावडरही अँटिबायोटिकच आहे, पिकांवरची. मी घेतलेला नमुना जखमेच्या वरवरचा होता, त्यात लेपाचे कण आले आणि बशीत त्यांनी सगळं दाबून टाकलं. वर पावडर, आत सड. पावडर हाडापर्यंत पोचत नाही. आम्ही मात्र कोऱ्या बशीकडे पाहत बसलो आणि तेवढे दिवस वाया गेले.

काल ऑपरेशन थिएटरमध्ये जखम खोलवर धुतली आणि हाडाचा कण काढून माझ्याकडे पाठवला. बोटाचं हाड किडलं आहे. कणभर हाड बशीत लावताना ते कोणाचं आहे याचा विचार करायचा नाही, असं ठरवलं होतं. बऱ्यापैकी जमलं.

दुसरी बातमी चांगली नाही. नानांना जुलाब सुरू झाले आहेत. साधे नाहीत. आपल्या आतड्यात असंख्य निरुपद्रवी जंतू राहतात. जबर औषध मारताना चांगला-वाईट पाहत नाही. ते मेले की जागा मोकळी होते आणि त्या औषधाला दाद न देणारा एखादा उपद्रवी जंतू तिथे माजतो. तोच तपासणीत सापडला. ज्या औषधाने शनिवारी नाना वाचले, त्याच औषधाने हे झालं. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि मला एकावरही राग काढता येत नाही.

मॅडमनी जबर औषध थांबवलं आहे. ताप नाही, रक्तदाब ठीक आहे, जखम स्वच्छ केली आहे, म्हणून हाडाचा निकाल येईपर्यंत थांबता येईल असं त्यांचं मत. जुलाबांवर वेगळं औषध चालू केलं. नाना फार थकले आहेत. बोलताना वाक्य अर्धं टाकतात.

रागावशील हे माहीत आहे. रागासकट उत्तर पाठव.

तुझी,
भाविका

*

धुळे, १३ जुलै

चि. भाविका हिस,
आशीर्वाद.

थांबवलं हा शब्द वाचला आणि पत्र उलटं करून ठेवलं. मग पुन्हा घेतलं. रतिलाल आज दुसरी फेरी मारतोय म्हणून लगेच लिहिते.

तुला बठ्ठं, सगळंच समजतं, मान्य. पण ज्याने जीव राखला तेच औषध काढून घ्यायचं? निकाल येईपर्यंत त्याने कशावर दिवस काढायचे, तुझ्या बशीवर? माझ्या वेळी एकाही डॉक्टरने सुई चुकू दिली नाही. म्हणून आज तुला शिव्या द्यायला मी आहे.

मी येते म्हटलं तर ललित म्हणतो की तिथे गर्दी करू नको, तुला काही ऐकू येणार नाही, उगाच घाबरशील. आणि इथे बसून मी काय नाचतेय का? सकाळपासून एकाच ब्लाउजची बाही दोनदा उलटी लावली. दोनदा उसवली.

आणखी एक. तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. जंतू आहेत, आतडं आहे, हाड आहे. तू कुठेच नाहीस. मला भीती वाटते, असं एकदाही लिहिलेलं नाही. वाटतच नसेल तर नशीबवान शे तू. पण लहान असताना वीज कडाडली की माझ्याच गोधडीत शिरायचीस. मला वीज ऐकू येत नाही म्हणून मी घाबरत नाही, असं तुझं गणित होतं.

रतिलालबरोबर ज्वारीचं पीठ दिलंय. पातळ पेज करून त्याला चमच्याने दे. कंदवाला कुठला!

अक्का

*

जळगाव, १५ जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मला भीती वाटते.

हे वेगळ्या ओळीत लिहिलं आहे, म्हणजे तुला शोधावं लागणार नाही.

पेज नानांना आवडली. जुलाब कमी आहेत. आणि निकाल आला. ओल आणि चिखल आवडणारा जंतू आहे, बशीत हिरवट दिसतो. शेजारच्या टेबलावरच्या कौतिकसरांना मी ती बशी नाव झाकून वाचायला दिली. माझ्या डोळ्यांना जे हवं ते दिसेल अशी शंका होती. त्यांनी माझ्याशी जुळणारंच वाचलं.

तो साध्या गोळ्यांना दाद देत नाही. दोनच औषधं उरतात. एक ते जबर औषध. हाडासाठी ते कित्येक आठवडे द्यावं लागेल आणि आतड्यातलं प्रकरण उलटण्याची भीती मोठी आहे. दुसरं अमिकासिन नावाचं इंजेक्शन. अक्का, ते तुझ्या इंजेक्शनाच्या घराण्यातलं आहे. चुलतभाऊ म्हण. तेही बरेच दिवस. त्याने मूत्रपिंडाला आणि कानांना इजा होऊ शकते, आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही. हल्ली रक्त आणि कान तपासत देतात, तरी नानांची साखर, त्यांचं वय पाहता हमी नाही. तिसरा मार्ग म्हणजे किडलेलं बोट काढून टाकायचं. रोगाचं घरच गेलं की मग औषध दोनतीन दिवस पुरतं.

आई बोटाला नको म्हणते. हेमराजकाका म्हणतात की शेतकऱ्याचा पाय कापू नका, बाकी काही करा. मॅडमनी आमच्यावर सोपवलं आहे. माझा कल इंजेक्शनाकडे आहे. रोज तपासण्या मी स्वतः करीन, आकडा सरकला की थांबवीन. नानांना अजून यातलं काही सांगितलेलं नाही. ते थकलेले आहेत आणि ऐकून खचतील असं सगळ्यांना वाटतं.

तुला एक प्रश्न विचारते. कोरडा आहे, माफ कर, पण घरात उत्तर फक्त तुझ्याकडे आहे. काय होणार हे आधी माहीत असतं, तर तू ती इंजेक्शनं घेतली असतीस का?

उत्तर खरं पाठव, मला बरं वाटावं म्हणून नको.

भाविका

*

धुळे, १६ जुलै

चि. भाविका हिस,
खूप खूप आशीर्वाद.

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. ललितच्या बापानेही नाही.

घेतली असती. मेलेल्या बाईला कान काय कामाचे.

पण नीट ऐक. त्या दवाखान्याच्या आवारात निंबाचं झाड होतं. इंजेक्शनं चालू असताना मला वाटायला लागलं की त्यावर रातकिडे बसलेत. भर दुपारीही ओरडायचे. मी म्हटलं, धुळ्याचे रातकिडे असेच असतील, आपल्या गावासारखे नसतील. एक दिवस शेजारच्या खाटेवरच्या भागाबाईला म्हणाले, किती ओरडतात मेले, तर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. झाडावर काही नव्हतं. तरी डॉक्टरला सांगितलं नाही. सांगायची गोष्ट आहे हेच माहीत नव्हतं. आबांनी बाप म्हणून कागदावर अंगठा दिला, नर्सने सुई दिली. मधे मी होते, माझ्याशी कोणी बोललं नाही.

बोलले असते तर पहिल्या रातकिड्यालाच मी ओरडले असते. सुई थोडी आधी थांबली असती, थोडे कान उरले असते. तेही जाऊ दे. निदान त्या दिवसांत कान भरून घेतले असते. आईला म्हटलं असतं, बस जवळ, ओव्या म्हण. तिचा चेहरा मला पोलक्याच्या बटनासकट आठवतो, आवाज आठवत नाही.

लिल्या तेव्हा अकरा वर्षांचा. घरी आले तेव्हापासून माझ्या मागे मागे. बाजारात माझा पदर धरून चालायचा. मागून गाडी आली की एक हिसका. कोणी हाक मारली की दोन. पोरं त्याला बाईचं शेपूट म्हणायची. त्याने पदर सोडला नाही.

औषध थांबवलं म्हणून तुला बोलले ते मागे घेते. पण तुम्ही सगळे मिळून आता तेच करताय, जे माझ्या वेळी झालं. फरक एवढाच की तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, तुला सगळं माहीत शे. पाय त्याचा, कान त्याचे. त्याला विचार. खचला तर खचला, त्याचा तो हक्क आहे.

आणि भीती वाटते हे त्यालाही सांग. मला एकटीला नको.

अक्का

*

जळगाव, १८ जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं.

आईला आणि काकांना बाहेर चहाला पाठवलं आणि खाटेवर बसले. तुला लिहिलं होतं तसंच तिन्ही मार्ग सांगितले, एकही सोपा करून नाही. मला भीती वाटते हेही सांगितलं. त्यावर नाना म्हणाले की, मग ठीक, मला वाटलं मला एकट्यालाच.

त्यांनी पहिल्यांदा बोटाबद्दल विचारलं. बांधावर तोल जाईल का, ट्रॅक्टरचा ब्रेक दाबता येईल का. सवय लागेल, बूट वेगळा लागेल, एवढं मी खात्रीने सांगू शकत होते. मग इंजेक्शनाबद्दल विचारलं. ते तुझ्या इंजेक्शनाच्या घराण्यातलं आहे हे सांगितलं. मला वाटलं, आता खचले.

मग म्हणाले की घरात एक बहिरं पुरे. अक्काच्या कानांचं काम मी करतो, माझ्या कानांचं कोण करणार. आणि बोटाचं म्हणशील तर, कंद कुजका निघाला तर आपण काय करतो, फेकून देतो का? विळ्याने कुजका भाग तासतो आणि उरलेला लावतो.

मी विचारलं की मग पावडरीच्या आधी हे का सुचलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. झोपले नव्हते, खांदे हलत होते. हसत होते.

आई रडली. काका चिडले आणि म्हणाले की पोरीने बापाला घाबरवून होकार घेतला. उत्तर नानांनी दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही, तुला तोंडाने सांगतील, तू वाच.

बोट काढतील तेव्हा दोन दिवस ते जबर औषध पुन्हा देतील, आतड्याच्या औषधाच्या जोडीने, आणि मग बंद. म्हणजे तुझंही म्हणणं राहिलं.

शुक्रवारी सकाळी नेणार आहेत. म्हणजे उद्या. उद्याचा दिवस कसा काढायचा ते मला माहीत नाही. कापल्यावर उरलेल्या कडेच्या हाडाचा नमुना तपासायला माझ्याचकडे येईल. तो मी कौतिकसरांना देणार आहे.

जमलं तर ये. ललितदादाला सांग, मी बोलावलं आहे.

भाविका

*

जळगाव, २ ऑगस्ट

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू काल दुपारीच इथून गेलीस आणि मी आज पत्र लिहितेय, म्हणून हसशील. लिहिल्याशिवाय मला नीट कळत नाही.

आधी नाना. रात्री झोपले, सकाळी पोहे मागितले. जखमेच्या कडा गुलाबी आहेत. उरलेल्या हाडाच्या बशीत चौथ्या दिवशीही काही उगवलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. या वेळी ती कोरी बशी मी स्वतः पाहिली, उजेडात धरून, फिरवून फिरवून. या कोरेपणावर विश्वास ठेवायला वेळ लागला. जुलाब परत येऊ शकतात, त्यावर लक्ष ठेवते. घरातल्या सगळ्या पुड्या आईने शेतातल्या खोलीत नेऊन कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. नाना म्हणतात की आता कंदांनी जायचं कुठे.

हे सगळं तुला ललितदादाच्या सारांशातही मिळालं असतं. पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे.

काल घरी सोडलं तेव्हा दवाखान्याच्या आवारात तू पुढे चालत होतीस, पिठाचा रिकामा डबा काखेत धरून. मागे चाकाच्या खुर्चीत नाना, आणि खुर्ची ढकलत मी. अँब्युलन्स मागे मागे येत होती, तिचा भोंगा वाजत होता. मी तुला हाक मारली. कोणाला हाक मारतेय हे तोंडातून आवाज निघाल्यावर लक्षात आलं. तेवढ्यात नाना खुर्चीतून पुढे वाकले, तुझ्या पदराचं टोक धरलं आणि एक हिसका दिला.

तू बाजूला झालीस. मागे वळूनही पाहिलं नाहीस, डबा दुसऱ्या काखेत घेतलास आणि चालत राहिलीस. नानांनी पदर लगेच सोडला नाही. फाटकापर्यंत हातात होता.

लग्नांत, बाजारात, शेतावर, मी हे जन्मल्यापासून पाहत आले आहे. आणि इतकी वर्षं मला वाटत होतं की ते तुझी खोडी काढतात.

तुझी भाची, आणि आता थोडी जास्त तुझी,
भाविका